लष्करातली नर्स आणि आपण

प्रश्न साधा आहे. बारावी सायन्स झालेली, नीटची परीक्षा दिलेली आपल्या वस्तीतली पोरगी. तिनं लष्कराच्या नर्सिंगचा फॉर्म भरावा की भरू नये? पोरगी माझी धाकटी बहीण आहे. पण प्रश्न वस्तीच्या वाचनालयात गेला, तिथं दोन रात्री त्याच्यावर जुंपली, म्हणजे तो आता तिचा एकटीचा राहिला नाही. म्हणून लिहितोय. मी सोलापूरच्या एका सूतगिरणीत रिंग फ्रेमवर कामाला आहे. शाळा नववीला सुटली. पुढचं जे काही वाचलं ते दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात. तेव्हा दोस्तांनो, यात पंडिती शोधू नका, आणि पटलं नाही तर पुढच्या अंकात खुशाल हाणा.

आधी माहिती. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस हे जुनं खातं आहे. १८८८ साली इंग्रज नर्सांची पहिली तुकडी मुंबईला उतरली, ती गोऱ्या शिपायांची शुश्रूषा करायला. १९२६ साली हिंदी नर्सांची कायम सेवा झाली आणि १९४३ च्या वटहुकमानं नर्सला अफसराचा हुद्दा मिळाला. आज पुणे, मुंबई, दिल्ली, कोलकाता, लखनौ, बंगळूर इथं लष्कराची कॉलेजं आहेत, सगळ्या मिळून अलीकडं जागा असतात २२० च्या आसपास. चार वर्षं शिक्षण, खर्च सरकारचा, बदल्यात नोकरीचा करार. पास झाली की लेफ्टनंट. सैन्याच्या भरतीत जातीचं आरक्षण नाही, तेव्हा आपल्या पोरीला जे मिळेल ते मार्कांवर आणि मुलाखतीवर. संसारी बाईला दाखल होता येत नाही.

बाहेर काय आहे तेही सांगतो. खासगी दवाखान्यात नर्सची पिळवणूक किती, हे सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं होतं. २०१६ साली कोर्टाच्या सांगण्यावरून नेमलेल्या समितीनं म्हटलं, पन्नासपेक्षा कमी खाटांच्या दवाखान्यातसुद्धा नर्सला वीस हजारांच्या खाली पगार नको. आमच्या गल्लीतल्या दोन पोरी अशाच दवाखान्यांत आहेत. वीस हजार म्हटलं की त्या हसतात.

वाचनालयात चार माणसांनी चार गोष्टी मांडल्या. एकजण म्हणाला, आपली पोरगी लेफ्टनंट होणार, खांद्यावर दोन तारे, यात विचार कसला करता? दुसरा म्हणाला, पंचशील घेतलं ना १९५६ ला? मग लष्कर कसलं? तिसरा कॉलेजातला, तो म्हणाला की लष्कर म्हणजे राज्यसंस्थेचा दांडका, त्याला तेल लावायला आपली पोर का पाठवायची? आणि एक मावशी, जिनं आयुष्यभर नगरपालिकेचा झाडू ओढला, ती कोपऱ्यातनं म्हणाली, “नर्स म्हंजे लोकाचं गू-मूतच की रं. ते सोडा म्हणून तर बाबानं सांगितलं.”

मला वाटतं सगळ्यात खोल बोलली ती मावशी. तिच्यापासनं सुरू करतो.

बाबासाहेबांनी महाडला १९२७ साली लोकांना सांगितलं की मेलेलं जनावर खाणं सोडा, गावकीची लाचारी सोडा. पोटाचं काय, असं लोकांनी विचारलंच असेल. गावकीचं काम सोडलं की भाकर तुटत होती. तरी सोडा म्हणाले. म्हणून आज कुणी नुसतं “पोटासाठी जातेय” म्हटलं तर ते उत्तर मला पुरत नाही. पोटाच्या नावाखाली सगळंच माफ असतं तर महाडची गरज नव्हती. पण मावशीचं पुढचं पाऊल मला मान्य नाही. गावकीच्या कामात घाण होती म्हणून ती गुलामी होती काय? ते काम जन्मानं गळ्यात पडत होतं, नाही म्हणायची सोय नव्हती आणि मोबदला म्हणून शिळा तुकडा होता. गुलामी तिथं होती. विष्ठा तर आईही काढते.

विनयपिटकात एक भिक्षू आहे, जुलाबानं पडलेला, स्वतःच्याच घाणीत लोळणारा. बाकीचे भिक्षू त्याच्याकडं बघत नाहीत, कारण तो कुणाच्या उपयोगाचा नाही. बुद्धानं आणि आनंदानं त्याला उचललं, धुतलं, पलंगावर निजवलं. मग भिक्षूंना जमवून सांगितलं की ज्याला माझी सेवा करायची आहे त्यानं आजाऱ्याची करावी. जगातल्या किती देवांच्या हाताला असं काही लागलेलं आहे, मोजा. आणि आपली सावित्रीमाई. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतलं पोर पाठीवर घेऊन ती दवाखान्यात गेली आणि त्याच प्लेगानं १० मार्चला गेली. ज्या घरांनी विटाळाच्या भीतीनं कित्येक दशकं आपल्या पोरी नर्सिंगला पाठवल्या नाहीत आणि ते काम बहुतेक ख्रिस्ती पोरींच्या अंगावर टाकलं, त्यांची शिसारी आपण उसनी का घ्यायची?

एक मात्र आहे. मावशीच्या बोलण्यात एक काटा आहे आणि तो काढता येत नाही. वॉर्डात नर्स हुकूम देते आणि भांडं उचलायला वेगळी बाई असते. ती बाई बहुधा आपलीच असते. लष्करात तर ‘सफाईवाला’ नावाचं पदच होतं, आता त्याचं ‘हाऊसकीपर’ झालंय. नाव इंग्रजी झालं की हात बदलले असं नाही. बहिणीला मी एवढंच म्हणालो, तू अफसर झालीस तर त्या माणसाला काय म्हणून हाक मारशील ते आत्ताच ठरव. ती म्हणाली, दादा, नावानं मारीन, अजून कशानं?

आता लष्कर.

आपलं आणि लष्कराचं नातं नवं नाही, आणि सरळही नाही. १ जानेवारी १८१८ चं कोरेगाव प्रत्येकाला पाठ आहे. त्यानंतरचं कमी जणांना ठाऊक असतं. ज्या इंग्रजांसाठी महार शिपाई मेला, त्यांनीच १८९० नंतर ‘लढाऊ जाती’ची थिअरी काढून महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ ला अर्ज लिहिला, शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० ला लिहिला. पहिल्या महायुद्धात माणूस कमी पडला तेव्हा १९१७ ला महारांची पलटण उभी केली, युद्ध संपलं, १९२१ ला मोडली. पुन्हा दुसरं महायुद्ध आलं तेव्हा १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंट. गरज लागली की बोलवा, भागली की हाकला. गिरणीत बदली कामगाराची हीच गत असते, म्हणून हा इतिहास मला कुणी समजावून सांगावा लागला नाही.

पण ह्याच लष्करानं रामजी सुभेदारांना शिकवलं. पलटणीतल्या शाळेत अस्पृश्य शिपायाला आणि त्याच्या पोरांना अक्षर मिळालं, आणि त्या अक्षरातनं पुढं भीमराव झाला. कॉलेजातल्या मित्राला दांडका दिसतो. तो आहेच. सोलापूरकराला तो सांगायला नको, १९३० साली ह्या गावात मार्शल लॉ पुकारला होता आणि त्यानंतर चार माणसं १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर गेली. फेब्रुवारी १९४६ मध्ये नाविकांनी बंड केलं, परळच्या गिरणी कामगारांनी त्यांच्यासाठी संप केला, आणि गोऱ्या सोजिरांनी रस्त्यावर गोळ्या घातल्या. गंमत बघा, बंड करणारे लष्करातले, त्यांच्यासाठी मरणारे गिरणीतले, गोळ्या घालणारे पुन्हा लष्करातले. दांडका म्हटल्यावर सगळं संपत नाही, कारण तो दांडका माणसांचा बनलेला असतो. त्यातला एखादा कधी उलटा फिरतो.

पंचशीलवाल्या मित्राला उत्तर देणं जास्त अवघड आहे. तो म्हणतो, जिवंत प्राण्याची हत्या करणार नाही अशी आपली प्रतिज्ञा. आणि ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ मध्ये बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाची जी हकिकत दिली ती याच्याच बाजूची दिसते. शाक्य आणि कोलिय, मधे रोहिणी नदी, पाण्यावरनं भांडण. संघ युद्धाचा ठराव करतो. सिद्धार्थ एकटा उभा राहून म्हणतो, दोष कुणाचा ते आधी शोधा, युद्धानं प्रश्न सुटत नाही. ठराव बहुमतानं पास होतो. तो लढायला नकार देतो आणि त्याची किंमत म्हणून घर सोडतो. म्हातारा, आजारी, प्रेत बघून पळालेला राजपुत्र बाबासाहेबांना पटलाच नव्हता. त्यांचा बुद्ध युद्धाला नाही म्हणून बाहेर पडला.

आणि हेच बाबासाहेब दुसऱ्या महायुद्धात आपल्या तरुणांना सांगत होते, सैन्यात भरती व्हा. नाझी जिंकले तर माणुसकीचं काय उरेल, असा त्यांचा सवाल होता. दोन्ही बाबासाहेबच. काही मित्र यातला एक घेतात आणि दुसरा लपवतात. मला दोन्ही लागतात. त्याच ग्रंथात अहिंसेवर लिहिताना ते हत्या करायची हौस आणि हत्या करण्याची गरज यात फरक करतात. म्हणजे प्रत्येक वेळी विचारायचं की हे युद्ध कशासाठी आणि ते ठरवलं कुणी. शाक्यांच्या संघात निदान मत देता आलं. सिद्धार्थ हरला, पण त्याला बोलू दिलं.

आता लष्कराच्या करारावर सही करणाऱ्याचा पेच इथं आहे. तो आज सही करतो आणि वीस वर्षांनी होणाऱ्या लढाईचं उत्तर आजच देऊन टाकतो. तेव्हा त्याला कुणी विचारणार नाही. पाण्यासाठी, मंदिरासाठी, निवडणुकीसाठी, खऱ्या आक्रमणासाठी, कशासाठीही असो, हुकूम तो हुकूम. विचार करण्याचा हक्क आपण फार महागात मिळवलाय, तो एका सहीनं गहाण टाकायचा?

शिपायाच्या बाबतीत मला यावर पुरतं उत्तर सापडलेलं नाही. नर्सच्या बाबतीत थोडं सापडतं. युद्ध बरोबर की चूक हे ठरवायचा हक्क तीही गमावते. पण समोर पडलेल्या माणसाबाबत तिला एक हक्क राहतो, नुसता राहत नाही, जगानं तो कायद्यात लिहून ठेवलाय. १८५९ साली सोल्फेरिनोच्या रणांगणावर जखमी तसेच तडफडत पडलेले आंरी द्युनाँ नावाच्या माणसानं बघितले, त्यातनं रेडक्रॉस झालं. १९४९ च्या जिनिव्हा करारांत स्पष्ट आहे की जखमी शत्रू असला तरी त्याची देखभाल करायची, आणि आधी कुणाला बघायचं ते फक्त जखमेवरनं ठरवायचं. भारताचा त्यावर १९६० चा कायदाही आहे. विचार करा, ज्या देशात अजून पाणवठ्यावर जात विचारतात, तिथं एका नोकरीचा नियमच असा आहे की पडलेल्या माणसाला शत्रू की मित्र हेसुद्धा विचारायचं नाही. मला हे वाचून रात्री झोप आली नाही, खोटं सांगत नाही.

मग कॉलेजातला मित्र म्हणतो, हे सगळं खरं, पण नर्स शिपायाला बरा करते कशाला? पुन्हा बंदूक धरायला. मशीन बिघडलं की फिटर येतो तसं. हा मुद्दा कच्चा नाही. मी रोज तुटलेला धागा जोडतो. रिंग फ्रेमसमोर आठ तास तेच करायचं, धागा तुटला की चिमटीत धरून पीळ द्यायचा. त्या सुताचा पुढं सदरा होतो, वर्दी होते, जखमेची पट्टी होते की प्रेताचं कापड होतं, मला कोण सांगतं? त्या सगळ्याचा जबाबदार मी असेन तर ह्या जगात एकही कामगार निर्दोष नाही. आणि अजिबात जबाबदार नसेन तर दारूगोळ्याच्या फॅक्टरीपासून गॅस चेंबरच्या नळापर्यंत काम करणारे सगळे निर्दोष. दोन्ही टोकं मला खोटी वाटतात.

आमच्या गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. इथं त्यांच्या घराचं स्मारक केलंय, बघून या. १९३८ साली जपानी आक्रमणाविरुद्ध लढणाऱ्या चीनला पाच हिंदी डॉक्टर गेले, त्यातले ते एक. बाकीचे परतले, हे राहिले, आठव्या मार्गसेनेच्या जखमींवर शस्त्रक्रिया करत करत ९ डिसेंबर १९४२ ला वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथंच मेले. त्यांनी लग्न केलं ती चिनी बाई नर्सच होती. पुढं त्याच सेनेचे वारस १९६२ ला भारतीय शिपायासमोर बंदूक घेऊन उभे राहिले. मग कोटणीसांचं चुकलं म्हणायचं? फिटरवाल्या मित्राच्या हिशोबानं म्हणावं लागेल. मला म्हणवत नाही. जखम बांधताना माणूस समोर असतो, वीस वर्षांनंतरचा नकाशा नसतो. शिवाय शिपाई म्हणजे फ्रेमचा सुटा भाग नव्हे. तो बरा होऊन घरीही जातो, पोराला कडेवर घेतो, एखादा युद्धाच्या विरोधात पुस्तकही लिहितो.

तरी एक जागा आहे जिथं मित्राचं म्हणणं शंभर टक्के लागू होतं. समजा समोरचा जखमी नाही, कैदी आहे. त्याला मारहाण झालीय, आणि नर्सला सांगितलंय की ह्याला शुद्धीवर आण, अजून विचारायचंय. तिथं औषध देणारा हात मारणाऱ्या हाताचाच भाग होतो. तिथं काय करायचं? हे मी मनानं रचत नाही. अमेरिकेच्या ग्वांतानामो तुरुंगात कैदी उपोषणाला बसले, तेव्हा नाकातनं नळी घालून त्यांना बळानं अन्न द्यायचा हुकूम होता. २०१४ साली नौदलाच्या एका पुरुष नर्सनं तो हुकूम पाळायला नकार दिला. त्याला परत पाठवलं, नोकरी आणि पेन्शन धोक्यात आली, चौकशी लागली. त्याचं नाव बाहेर आलं नाही. अमेरिकेतल्या नर्सांची संघटना त्याच्या मागं उभी राहिली, २०१५ ला तिनं त्याला नीतिधैर्याचा सन्मान दिला. त्याला काढून टाकायची कारवाई नौदलाला सोडून द्यावी लागली. म्हणजे वर्दीतही नाही म्हणता येतं, पण मागं संघटना लागते. एकट्या माणसाच्या सद्सद्विवेकावर भिस्त ठेवून पोरीला पाठवणं मला भाबडेपणाचं वाटतं. उद्या आपल्या पोरीवर अशी वेळ आली तर तिच्या मागं कोण उभं राहणार, हे वाचनालयात कुणी विचारलं नाही.

आणि वर्दीतली बाई म्हणून वेगळं भोगणं आहेच. एका लष्करी नर्सला १९८८ साली नोकरीतनं काढलं, गुन्हा काय तर लग्न केलं. १९७७ च्या लष्करी आदेशात तशी तरतूदच होती, ती १९९५ ला मागं घेतली. त्या बाईला न्याय मिळाला फेब्रुवारी २०२४ मध्ये, साठ लाख रुपये भरपाई. पस्तीसहून जास्त वर्षं. वर्दीच्या आत मनू नाही असं समजून कुणी जाऊ नये.

दुसरी एक आठवण मला ह्या विषयात टाळता येत नाही. ऑक्टोबर १९८७ मध्ये जाफन्याच्या इस्पितळात भारतीय शांतिसेनेच्या गोळीबारात रुग्ण मेले, डॉक्टर मेले, नर्सा मेल्या. सरकार म्हणालं चकमकीत सापडले. तिथले वाचलेले लोक म्हणतात, सरळ मारले. आपल्याच बाजूच्या बंदुकीनं नर्स मरते, हे फॉर्म भरणाऱ्या पोरीला ठाऊक असायला हवं. मी तिला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, त्या नर्सांना वर्दी नव्हती ना? तरी मेल्याच की.

माझं मत विचाराल तर तिनं फॉर्म भरावा. मावशीला आणि पंचशीलवाल्या मित्राला मी वर उत्तर दिलं, ते माझ्यापुरतं पुरेसं आहे. दांडकेवाल्याला अर्धंच देता आलं. त्याचा उरलेला अर्धा प्रश्न तिनं सोबत न्यावा, बॅगेत, कपड्यांच्या खाली. सही करण्याआधी करार पूर्ण वाचावा, किती वर्षांचा, मधेच सोडला तर किती पैसे भरायचे, सगळं. आणि जिनिव्हा करारातलं जखमींचं प्रकरण पाठ करावं, जसं आपण त्रिशरण पाठ करतो तसं. हुकमाला नाही म्हणताना कलम तोंडावर असलेलं बरं.

पण माझ्या पोटात खुपतं ते वेगळंच. बाबासाहेब १९५६ साली आग्र्याला म्हणाले होते की शिकलेल्यांनी त्यांना दगा दिला. ही पोरगी लेफ्टनंट होईल, कॅन्टोनमेंटच्या स्वच्छ रस्त्यावर राहील, आणि आम्ही? आमच्या गिरणीत गेल्या साली डॉफिंग करताना एका पोराचं बोट गेलं. प्रथमोपचाराची पेटी उघडली तर आत आयोडिनची रिकामी बाटली आणि बिस्किटाचा पुडा. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यानं दीडशे कामगारांमागं एक भरलेली पेटी सांगितली होती, पाचशेच्या वर माणूस असेल तर नर्सिंगच्या माणसासकट खोली सांगितली होती. त्या पोराचं बोट मी माझ्याच गमछात बांधलं. कापसाची धूळ छातीत जाऊन खोकणारे आमच्या खात्यात किती आहेत ते मोजायला कुणी आलेलं नाही. लष्कराला नर्स मिळते कारण शिपाई लवकर बरा व्हायला हवा. आमच्या गेटबाहेर दुसरा माणूस उभाच असतो, मग मालकाला नर्स कशाला?

हे मी बहिणीला म्हणालो तेव्हा तिनं उलट विचारलं, “दादा, तुझ्या गिरणीत नर्सची जागा कधी निघालीय का?”

नाही निघाली. आठ वर्षं मी तिथं आहे. यंदाच्या मागणीपत्रात ती मागणी घाला म्हणून मी दोघातिघांशी बोललोय. एकजण म्हणाला आधी पगाराचं बघू. एकानं होकार दिला, त्याचं बोट गेलेलं आहे. फॉर्मची मुदत त्याच्या आधी संपते.